‘फिरंग’ शब्द : मूळ, अर्थांतरे व कागदपत्रांच्या कालनिर्णयात त्याचा उपयोग

(१) प्रास्ताविक

जुनी दप्तरे वाचणाऱ्यास अपरिचित शब्द फारसे फसवीत नाहीत. अपरिचित शब्द आला म्हणजे वाचक थांबतो, कोश उघडतो, जाणत्यास विचारतो. ज्या शब्दाचा अर्थ आपणास ठाऊकच आहे असे वाटते, त्या शब्दापाशी मात्र तो थांबत नाही. आणि घात होतो तो तेथेच. ‘फिरंग’ व ‘फिरंगी’ हे शब्द या जातीचे होत. त्यांच्यासंबंधाने प्रस्तुत लेखकाच्या हातून झालेली एक चूक प्रथम सांगतो. कारण हा लेख त्या चुकीचेच प्रायश्चित्त आहे.

काही वर्षांपूर्वी एका स्नेह्यांच्या घरचा रुमाल पाहण्याचा योग आला. त्यात वाटणीच्या वेळी केलेली चीजवस्तूंची एक याद होती. वर ढाली, खाली जंबिये, आणि मध्ये ‘फिरंगा’ असे लिहून पुढे दोनाचा आकडा. घाईने अर्थ लावला तो असा की, या घराण्याच्या पदरी दोन फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, चाकरीस होते. त्यावर चार ओळींचे टिपण लिहून स्नेह्यांच्या स्वाधीनही केले. पुढे काही महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी तीच नक्कल पुन्हा वाचताना ध्यानात आले की, ‘फिरंगी’ या पुल्लिंगी शब्दाचे अनेकवचन ‘फिरंगी’ असेच राहते; ‘फिरंगा’ हे ‘फिरंग’ या स्त्रीलिंगी शब्दाचे अनेकवचन आहे, आणि फिरंग म्हणजे सरळ पात्याची तलवार. चाळीस वर्षे मुलांस लिंग-वचन शिकविणाऱ्या माणसाने ही चूक करावी, यास काय म्हणावे! टिपण परत मागून घेतले. परंतु त्यातील गोष्ट तोवर घरात रुजली होती. आजही त्या घरच्या लग्नकार्यात ‘आमच्या पदरी दोन फिरंगी होते’ असे सांगतात. एका काना-मात्रेकडे केलेल्या दुर्लक्षातून एका घराण्याचा इतिहास असा बदलतो.

शब्दाच्या बाबतीत सावध राहण्याचा धडा आम्हांस खरे पाहता गावाच्या नावानेच द्यावयास हवा होता. प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य वर्धा जिल्ह्यातील जाम या गावी आहे. नागपुराहून दक्षिणेस हैदराबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हे गाव असून चंद्रपुराकडील वाट येथूनच फुटते. शाळेतील मुले विचारीत, गुरुजी, जाम म्हणजे काय? आमच्या वैदर्भी बोलीत जाम किंवा जांब म्हणजे पेरू. त्याचे नाते संस्कृत ‘जंबु’ शब्दाशी. फारसीत जाम म्हणजे पेला. इंग्रजीत जाम म्हणजे फळांचा घट्ट पाक, आणि गाडीचे चाक अडकले तरी तेही जाम. गावाच्या नावाचा निवाडा येथे प्रस्तुत नाही. येथे ध्वनी एक व मुळे तीन आहेत, एवढेच दाखवावयाचे आहे. ‘फिरंग’ शब्दाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तेथे मूळ एकच असून ध्वनी व अर्थ अनेक झाले आहेत. यास्तव त्याचा माग नीट काढला, तर संग्राहकास त्याचा उपयोगही अधिक आहे.

(२) मूळ शब्द व युरोपातील अर्थ

इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात ऱ्हाइन नदीच्या काठी जर्मन वंशाच्या काही टोळ्या रोमन साम्राज्याच्या सरहद्दीवर स्वाऱ्या करीत होत्या. रोमन लोक त्यांस लॅटिन भाषेत ‘फ्रांकुस’ असे म्हणत. इंग्रजांच्या प्राचीन भाषेत ‘फ्रांका’ म्हणजे भाला असा शब्द आढळतो. त्यावरून या लोकांचे नाव त्यांच्या आवडत्या शस्त्रावरून पडले असावे, असे एक मत आहे. याच लोकांनी पुढे गॉल देश जिंकला व त्या देशास फ्रान्स हे नाव दिले. जर्मनीतील फ्रांकफुर्ट नगराचे नावही त्यांचेच. त्याचा अर्थ फ्रांक लोकांचा उतार, म्हणजे नदी पायी ओलांडण्याची जागा.

जेत्यांच्या नावास जो मान मिळावयाचा तो यासही मिळाला. गॉल देशात पूर्ण स्वतंत्र असा मनुष्य म्हणजे फ्रांकच. म्हणून लॅटिनमध्ये ‘फ्रांकुस’ याचा अर्थच ‘स्वतंत्र, करमुक्त’ असा झाला. त्यातून फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, जर्मन व इंग्रजी या सर्व भाषांत या शब्दाची संतती पसरली. मोकळ्या मनाने बोलणारा तो इंग्रजीत ‘फ्रँक’. जकात नसलेले बंदर ते इटालियन भाषेत ‘पोर्तो फ्रांको’. डाकहशील न भरता पत्र पाठविण्याचा अधिकार म्हणजे ‘फ्रँकिंग’. आणि आपल्याकडे दस्तऐवजांवर मुद्रांकशुल्क भरल्याची जी यांत्रिक छाप उमटवितात, तिचेही नाव तेच. इ.स. १३६० मध्ये फ्रान्सचा राजा दुसरा जाँ याच्या सुटकेच्या खंडणीसाठी जे सोन्याचे नाणे पाडले गेले, ते ‘फ्रँक’. फ्रान्समध्ये हे नाणे इ.स. २००२ मध्ये बंद होऊन युरो आला. स्वित्झर्लंडात मात्र फ्रँक अद्याप चालतो.

लोकांचे नाव गुणाचे नाव होणे, ही गोष्ट संस्कृतज्ञांस नवी नाही. ‘आर्य’ शब्दाचा प्रवास असाच समूहवाचकातून गुणवाचकात झाला आहे. परंतु युरोपात ज्या शब्दास मोकळेपणाचा व थोरवीचा अर्थ आला, त्यालाच पूर्वेकडे येता येता तोफ, तलवार आणि रोग असे अर्थ का चिकटले, हे पाहण्याजोगे आहे.

(३) पूर्वेकडील प्रवास

इ.स. ८०० मध्ये शार्लमेन या फ्रांक राजास रोम येथे सम्राटपदाचा अभिषेक झाला, आणि पश्चिम युरोपातील सर्वांत प्रबळ सत्ता म्हणून फ्रांकांचे नाव अरबांच्या कानी दृढ झाले. पुढे क्रूसयुद्धात, इ.स. १०९९ मध्ये, ज्या सैन्याने जेरुसलेम घेतले, त्यात फ्रान्स देशाच्या सरदारांचा भरणा मोठा होता. तेव्हापासून अरबांनी पश्चिमेकडील सर्वच ख्रिस्ती लोकांस एकच नाव दिले. मनुष्य इटलीचा असो, जर्मनीचा असो वा इंग्लंडचा असो, तो ‘इफ्रंज’ किंवा ‘फिरंज’.

ध्वनींचा बदल सरळ आहे. शब्दारंभी जोडाक्षर अरबांच्या जिभेस जड. म्हणून कोठे आरंभी एक स्वर आला, कोठे मध्ये आला. आमच्याकडे ‘स्टेशन’चे ‘इष्टेशन’ व ‘ग्लास’चा ‘गिलास’ झाला तो याच न्यायाने. संस्कृत वैयाकरण मध्ये आलेल्या या स्वरास स्वरभक्ती म्हणतात. फारसीत शब्दान्ती ‘ग’ राहिला व ‘फरंग’ असे रूप झाले. अरबीत ‘ग’ नसल्याने तेथे ‘ज’ आला. तमिळ व मलयाळम भाषांत ‘फ’ नाही, म्हणून तेथे ‘परंगी’. चिनी भाषेत ‘फोलांगची’. थायलंडात आजही गोऱ्या मनुष्यास ‘फरांग’ म्हणतात.

जवळच्या एका टोळीचे नाव तिच्या मागे असलेल्या सर्व लोकांस लावणे, ही माणसांची जुनी रीत आहे. ‘यवन’ हे याचे ठळक उदाहरण. आशियामायनरच्या किनाऱ्यावरील आयोनियन हे ग्रीकांपैकी एक कूळ. इराणी लोकांनी त्या कुळाच्या नावावरून सर्व ग्रीकांस ‘यौन’ म्हटले. आम्ही ‘यवन’ म्हटले. पाणिनीच्या सूत्रात हा शब्द आहे आणि कात्यायनाने ‘यवनानी’ म्हणजे यवनांची लिपी असे स्पष्ट केले आहे. कार्ल्याच्या लेण्यात स्तंभ देणारे यवन आहेत. पुढे ग्रीक दिसेनासे झाले, शब्द मात्र राहिला, आणि बखरकारांच्या काळी यवन म्हणजे मुसलमान असा अर्थ झाला. कार्ल्याच्या शिलालेखातील यवनास बखरीतील यवन समजणारा वाचक आणि याद वाचताना फसलेला प्रस्तुत लेखक, हे दोघे एकाच पंक्तीतले.

(४) महाराष्ट्रातील ‘फिरंगी’

इ.स. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतास आला, इ.स. १५१० मध्ये गोवे पोर्तुगीजांच्या हाती गेले, इ.स. १५३४ मध्ये वसई त्यांस मिळाली. पश्चिम किनाऱ्यावर ठाणे देऊन बसलेले पहिले युरोपीय हेच. वस्तुतः पोर्तुगीज म्हणजे काही फ्रांक नव्हेत. परंतु आखाती व्यापाऱ्यांच्या व मुसलमानी दरबारांच्या तोंडी असलेले तयार नाव त्यांस लागले व ते पक्के झाले. वसई-साष्टीच्या मुलखास ‘फिरंगाण’ म्हणू लागले. शके १६६१ च्या वैशाखात, म्हणजे इ.स. १७३९ च्या मे महिन्यात, चिमाजीआप्पांनी वसई घेतली. त्या मोहिमेच्या पत्रांत जिकडे तिकडे जो फिरंगी दिसतो, तो पोर्तुगीज होय, सर्वसाधारण युरोपीय नव्हे.

हा भेद त्या काळच्या लोकांस किती स्पष्ट होता, याचा उत्तम पुरावा रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात, म्हणजे इ.स. १७१५ च्या सुमारास, मिळतो. साहुकार म्हणून येणाऱ्या टोपीकरांविषयी राज्याने कसे सावध असावे, हे सांगताना ग्रंथकार त्यांच्या जाती वेगवेगळ्या मोजतो. फिरंगी निराळे, इंग्रज निराळे, वलंदेज म्हणजे डच निराळे, फरासीस म्हणजे फ्रेंच निराळे, डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे ते आणखी निराळे. सर्वांस मिळून शब्द पाहिजे तेव्हा तो ‘टोपीकर’ हा शब्द योजतो. ‘फिरंगी’ योजीत नाही.

या यादीतील गंमत अशी की, ‘फिरंगी’ व ‘फरासीस’ हे दोन्ही शब्द मुळात त्या एकाच ‘फ्रांक’ नावाची लेकरे आहेत. एक अरब-इराणाच्या वाटेने आले व पोर्तुगिजांस चिकटले. दुसरे फ्रान्सच्या लोकांचे स्वतःचे नाव म्हणून आले. एकाच बापाची दोन मुले एका ओळीत बसली, आणि लिहिणाऱ्यास त्यांचे नाते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. नंतर इंग्रजीच्या दाराने ‘फ्रेंच’ आला, आणि ‘फ्रेंच बीन’ ही शेंग आमच्या मंडईत ‘फरसबी’ होऊन बसली.

उत्तरेकडे मात्र रीत निराळी होती. हिंदुस्थानी भाषेत फिरंगी म्हणजे कोणताही युरोपीय. लखनौचा फिरंगी महल एका युरोपीय व्यापाऱ्याच्या वास्तव्यामुळे त्या नावाने ओळखला गेला. औरंगजेबाच्या काळी तो एका मुसलमान विद्वान घराण्यास मिळून विद्येचे पीठ झाला, तरी नाव तेच राहिले. इ.स. १८५७ च्या गदरात उत्तरेत फिरंगी म्हणजे इंग्रज, यात संशय नाही. आम्ही नागपूर प्रांताचे लोक या दोन रूढींच्या सीमेवर बसलेलो. पुण्याकडील कारकुनाने लिहिलेले पत्र आणि हिंदुस्थानी मुनशीने लिहिलेले पत्र एकाच रुमालात असू शकते. तेथे एकाचा अर्थ दुसऱ्यास लावला, तर इंग्रजांच्या जागी पोर्तुगीज उभे राहतील.

(५) शस्त्रवाचक अर्थ

पोर्तुगीजांच्या जहाजांतून युरोपात घडविलेली सरळ, लांब, लवचीक पाती मोठ्या प्रमाणावर येऊ लागली. आपल्याकडील शिकलगार त्यांस आपल्या पद्धतीची, हाताचे रक्षण करणारी मूठ बसवीत. अशा तलवारीस ‘फिरंग’ म्हणत. पुढे तशाच घाटाची पाती येथेही होऊ लागली व नाव त्यांसही लागू झाले. म्हणून याद्यांतील प्रत्येक फिरंग समुद्रापलीकडून आली असे धरून चालता येत नाही. फिरंग हे घाटाचे नाव आहे, जन्मस्थानाचा दाखला नव्हे.

तोफेच्या बाबतीतही असेच घडले. बाबराच्या आत्मचरित्रात तोफेच्या एका प्रकारास फिरंगी म्हटले आहे, आणि चिनी लोकांनी सोळाव्या शतकात पोर्तुगीजांस व त्यांच्या तोफेस एकच ‘फोलांगची’ हे नाव दिले. ज्या लोकांचे नाव भाल्यावरून पडले असे म्हणतात, त्यांचे नाव हजार-बाराशे वर्षांनी पूर्वेस येऊन पुन्हा तलवारीस व तोफेस लागले!

व्यक्तिनामांविषयी येथे एक सूचना करणे जरूर आहे. इ.स. १६६० मध्ये शाएस्तेखानाच्या फौजेविरुद्ध चाकणचा किल्ला सुमारे दोन महिने झुंजविणारा किल्लेदार फिरंगोजी नरसाळा सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या नावावरून त्याचा पोर्तुगिजांशी संबंध जोडणे म्हणजे वर सांगितलेल्या चुकीचीच आवृत्ती. पुणे प्रांती कुरकुंभ येथे फिरंगाई देवी आहे. आणि देवतेच्या नावावरून मुलाचे नाव ठेवणे ही तर आमची नित्याची रीत. नावातील ध्वनी पाहून इतिहास रचण्यापूर्वी त्या मुलखातील देवस्थाने पाहावीत.

(६) रोगवाचक अर्थ

आता संस्कृत हस्तलिखितांच्या संग्राहकांस सर्वांत उपयोगी असा अर्थ पाहू. भावमिश्राचा भावप्रकाश हा सोळाव्या शतकातील वैद्यकग्रंथ. त्यात ‘फिरंगरोग’ नावाचा रोग सांगितला आहे. फिरंग नावाच्या देशात हा बहुत आढळतो म्हणून त्याचे हे नाव. फिरंगी स्त्री-पुरुषांच्या अंगसंगाने तो होतो. बाह्य, आभ्यंतर व उभयस्थ असे त्याचे तीन प्रकार. आणि औषध म्हणून रसकर्पूर व चोपचिनी, असे निरूपण आहे. चरक-सुश्रुतांत हे नाव नाही. म्हणजे अनुभवास आलेल्या नव्या व्याधीस जुन्या शास्त्राच्या चौकटीत बसविण्याचे धैर्य या वैद्याने दाखविले. ‘आमच्या ग्रंथांत सर्व काही आधीच आहे’ असे म्हणणाऱ्यांनी भावमिश्राचा हा सरळपणा ध्यानात घ्यावा.

हा रोग युरोपात प्रथम गाजला तो इ.स. १४९५ मध्ये, फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स याने नेपल्सवर स्वारी केली तेव्हा. इटालियन व जर्मन लोक त्यास ‘फ्रेंचांचा रोग’ म्हणू लागले. फ्रेंच त्यास ‘नेपल्सचा रोग’ म्हणू लागले. व्हेरोनाच्या फ्राकास्तोरो नावाच्या वैद्यकवीने इ.स. १५३० मध्ये लॅटिन काव्य लिहून त्यास ‘सिफिलिस’ हे नाव दिले; काव्याच्या शीर्षकातही ‘फ्रेंच रोग’ हे शब्द आहेतच. इटलीतील मनुष्य शेजाऱ्यास दोष देऊन ‘फ्रेंच रोग’ म्हणतो, आणि भारतातील वैद्य समुद्रापलीकडून आलेल्यांस दोष देऊन ‘फिरंगरोग’ म्हणतो. दोघांस एकमेकांची वार्ता नाही, तरी दोघांच्या तोंडी शब्द मुळात एकच! सिंहलद्वीपातही ‘परंगी’ हा शब्द पोर्तुगीजांचा व एका चिवट त्वचारोगाचाही वाचक आहे. परक्याच्या नावाने रोग ओळखणे ही खोड सर्व देशांस सारखीच.

औषधाचे नावही बोलके आहे. चोपचिनीस भावप्रकाशात ‘द्वीपांतरवचा’ म्हणजे दुसऱ्या द्वीपातील वेखंड असे म्हटले आहे. हे मूळ चीन देशाचे. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने इ.स. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात, हे औषध भारतात इ.स. १५३५ च्या सुमारास प्रसिद्धीस आल्याचे सांगितले आहे. रोग व औषध दोन्ही एकाच शतकात, समुद्रमार्गानेच आले.

(७) कालनिर्णयास उपयोग

वरील विवेचनावरून संग्राहकांनी व्यवहारात बाळगावयाचे नियम थोडक्यात असे. पहिला : लिंग व वचन पाहावे. ‘फिरंगा’ म्हणजे तलवारी, माणसे नव्हेत. दुसरा : शेजारचे शब्द पाहावेत. ढाल-कट्यारींच्या ओळीत शस्त्र, टोपीकरांच्या ओळीत पोर्तुगीज, रसकर्पुराच्या शेजारी रोग. तिसरा : लिहिणाऱ्याची भाषा व प्रांत पाहावा, कोकण-देशातील फिरंगी आणि उत्तरेतील गदरकालीन फिरंगी एक नव्हेत.

चौथा नियम कालाचा. ज्या संस्कृत वैद्यकग्रंथात फिरंगरोग आहे, तो भाग इ.स. १४९८ पूर्वीचा असू शकत नाही. मग पोथीच्या वेष्टनावर कोणत्याही ऋषीचे नाव असो. मेरुतंत्रात फिरंग भाषेतील मंत्रांचा व इंग्रजांचा भविष्यकथन म्हणून उल्लेख आहे. तो भाग कोणत्या काळी लिहिला गेला हे सांगण्यास ज्योतिषी नको. मात्र हा नियम फारसी ग्रंथांस लावू नये. सादीने इ.स. १२५८ मध्ये रचलेल्या गुलिस्तानात, आपण फिरंग्यांच्या कैदेत सापडल्याची गोष्ट सांगितली आहे. तेथील फिरंगी हे क्रूसयुद्धाचे होत, गोव्याचे नव्हेत.

पाचवा नियम हा की, एका शब्दावरून सर्व पोथीस शिक्षा देऊ नये. वैद्यकाच्या पोथ्या वैद्यांच्या नित्य वापरातल्या. त्यांत मागाहून पाने घातली जातात, समासातील टिपण पुढच्या नकलेत मूळ ग्रंथात शिरते. तेव्हा फिरंगरोगाचे पान आले म्हणजे हस्ताक्षर, शाई, ओळींची संख्या व पत्रांक आधी ताडून पाहावेत. शब्द त्या भागाचा काळ सांगतो. सर्व ग्रंथाचा सांगेलच असे नाही.

शेवटी व्युत्पत्तीविषयी दोन शब्द. ‘देशोदेशी फिरतो तो फिरंगी’ ही व्युत्पत्ती प्रस्तुत लेखकाने आपल्या उमेदीत वर्गात सांगितली होती, आणि मुलांस ती फार आवडली होती. अर्थाकडे दृष्टी ठेवून शब्दाची परीक्षा करावी, हा यास्काचा मार्ग संस्कृत शब्दांपुरता आहे. बाहेरून आलेल्या शब्दास तो लावला म्हणजे अशा कल्पित कथा निर्माण होतात. उलट बाजूने, ‘फरासखाना’ हा शब्द ‘फरासीस’सारखा दिसतो म्हणून त्यास फ्रेंचांशी जोडू नये, तो बिछायतीची व्यवस्था पाहणाऱ्या अरबी ‘फर्राश’ शब्दापासून आला आहे. अशा वेळी माधवराव पटवर्धनांचा इ.स. १९२५ चा फार्सी-मराठी कोश हाताशी असावा.

ज्यांच्या संग्रही याद्या, कैफियती व वैद्यकाची बाडे आहेत, त्यांनी ‘फिरंग’ शब्द आढळेल तेथे शक, स्थळ, लिंग-वचन आणि मागचे-पुढचे दोन शब्द टिपून ठेवावेत, एवढीच विनंती आहे. अशी शंभर टिपणे एकत्र आली, तर कोणता अर्थ कोणत्या प्रांती केव्हा रूढ झाला, हे तर्काने नव्हे तर पुराव्याने सांगता येईल. आमच्या स्नेह्यांच्या घरी आज त्या दोन फिरंगा नाहीत. याद तेवढी शिल्लक आहे. वस्तू गेल्यावर तिची साक्ष शब्दच देतो. म्हणून तो तरी आपण नीट वाचला पाहिजे. इत्यलम्.